दाराची चौकट सरकारी, कापड आपलं

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांवर, तोफांवर आणि रेल्वेमार्गांवर बोललो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब निवृत्तीनंतर शिवणकामाला लागले वाटतं. तसं नाही. आमच्या घरात टाके सौ. घालते, मी फक्त मोजपट्टी धरतो. पण ज्या वस्तूबद्दल आज बोलणार आहे, तिचा इतिहास फौजेपासूनच सुरू होतो, म्हणून मला त्यावर बोलायचा थोडा अधिकार आहे असं मी समजतो.

वस्तू साधी आहे. वीतभर रुंद, चार-पाच फूट लांब अशी कापडाची पट्टी. एका कडेला सेंटीमीटरच्या खुणा, वरच्या बाजूला मुलाचं नाव आणि जन्मतारीख, मोकळ्या जागेत भरतकाम. ती भिंतीवर टांगायची, ठरावीक दिवशी मुलाला तिच्यापुढं उभं करायचं, डोकं जिथं टेकेल तिथं सुईदोऱ्यानं एक रेघ घालायची आणि शेजारी तारीख भरायची. आजकाल बारशाला अशी पट्टी भेट द्यायची पद्धत शहरांत दिसते. आमच्या घरात ती 1990 पासून आहे.

आधी फौजेचं सांगतो. माणसाची उंची मोजून कागदावर लिहायची सवय सरकारांना लागली ती सैनिकांमुळं. अठराव्या शतकात प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम पहिला याला उंच शिपायांचं वेड होतं. त्याच्या पलटणीसाठी युरोपभरातून धिप्पाड माणसं गोळा केली जात, कधी पैसे देऊन, कधी पळवून. इतर राजांना तेवढं वेड नव्हतं, पण भरती होणाऱ्या प्रत्येकाची उंची सगळेच लिहून ठेवत. एक तर गणवेश शिवायला, आणि दुसरं म्हणजे पळून गेला तर वर्णन द्यायला. आपल्याकडून मॉरिशस, फिजी, त्रिनिदादला गेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या परवान्यांवरही नाव, गाव, जात यांच्याबरोबर उंची लिहिलेली असे. ज्यांच्याबद्दल इतिहासात एक ओळही नाही, अशा लाखो माणसांची उंची तेवढी दप्तरात राहिली. पुढं रॉबर्ट फोगेल, रॉडरिक फ्लाउड अशा इतिहासकारांनी ही दप्तरं उघडली आणि उंचीवरून कुठल्या काळात गरिबाला पोटभर मिळत होतं, कुठल्या काळात नव्हतं, याचा हिशोब मांडला. माणसाची उंची म्हणजे त्याच्या बालपणीच्या जेवणाची आणि आजारपणांची पावती असते, हे त्यातून पुढं आलं.

भरतीच्या मैदानावर मीही शेकडो पोरं त्या पट्टीखालून जाताना पाहिली आहेत. अर्ध्या सेंटीमीटरनं बाहेर जाणारा मुलगा पाहिला की वाईट वाटतं. पण तिथं उभं राहून एक गोष्ट कायम मनात येई. त्या मुलाची उंची सरकार मोजत होतं ती अठराव्या वर्षी, म्हणजे जेव्हा त्यात करण्यासारखं काही उरलेलं नसतं. ती उंची ठरली ती पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि तेव्हा कुणी पट्टी घेऊन त्याच्या अंगणात गेलेलं नव्हतं.

मुलांची उंची सरकारनं विचारात घेतली ती प्रथम कारखान्यांसाठी. इंग्लंडमध्ये 1833 च्या फॅक्टरी कायद्यानं नऊ वर्षांखालच्या मुलांना बहुतेक कापडगिरण्यांत कामाला ठेवायला बंदी केली. पण मूल नऊ वर्षांचं आहे हे ठरवायचं कसं? जन्माची सरकारी नोंद तिथं 1837 मध्ये सुरू झाली. तोवर आईबाप सांगतील ते वय. मग उंचीवरून वय ठरवायचा मार्ग पुढं आला. 1837 मध्ये एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्यानं उंची फसवी आहे, त्यापेक्षा दात पाहा, असं सांगणारी पुस्तिका काढली. आपल्याकडचा पहिला फॅक्टरी कायदा 1881 चा. त्यानं सात वर्षांखालच्या मुलांना बंदी केली आणि सात ते बाराच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. 1891 मध्ये सातचे नऊ झाले. मुंबईच्या गिरण्यांतल्या पोरांचं वयही असंच पाहून ठरवलं जाई, कारण जन्मदाखला कुणाकडं असणार?

ही जन्मतारखेची भानगड आपल्या पिढीपर्यंत आली. माझ्या पलटणीतल्या मराठी जवानांची कागदपत्रं पाहिली की निम्म्यांचा वाढदिवस 1 जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली तारीख. आम्ही गमतीनं म्हणायचो, महाराष्ट्रात मुलं फक्त जूनमध्ये जन्मतात. यात हसण्यासारखं आहे तेवढंच अडचणीचंही आहे, कारण वय माहीत नसेल तर मुलाची उंची हा नुसता आकडा आहे. 87 सेंटीमीटर उंची दोन वर्षांच्या मुलाला छान आणि चार वर्षांच्या मुलाला चिंतेची. म्हणून पट्टीवर नाव आणि जन्मतारीख ही शोभेची गोष्ट नाही. पट्टीचा पायाच तो आहे.

आणि जन्मतारीख कापडावर टाकायची कल्पना जुनी आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात 1598 सालचा एक भरतकामाचा नमुना आहे. जेन बॉस्टॉक नावाच्या बाईनं केलेला. तारीख असलेला तो सगळ्यात जुना इंग्रजी नमुना मानतात. वर कुत्रा, हरण, मग अक्षरं, मग टाक्यांचे प्रकार. आणि त्यात अ‍ॅलिस ली नावाच्या मुलीचा जन्म 23 नोव्हेंबर 1596 ला, मंगळवारी, दुपारनंतर झाला, हे टाक्यांनी लिहून ठेवलेलं आहे. राजाराणीची मुलगी नव्हे, घरातली एक मुलगी. आज सव्वाचारशे वर्षांनंतर तिची जन्मवेळ आपल्याला माहीत आहे ती सुईमुळं.

हे नमुने मिशनऱ्यांच्या शाळांतून आपल्याकडं आले, आणि पुढं मुलींच्या सगळ्याच शाळांत शिवण-भरतकाम हा विषय झाला. रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या सेवासदनात, 1909 नंतर, शिवणकाम हे बायकांना पायावर उभं राहण्याचं साधन म्हणून शिकवलं गेलं. माझ्या आईच्या पिढीच्या रुखवतात दोसुतीवर फुलीच्या टाक्यानं भरलेला पोपट आणि काचेच्या चौकटीतलं ‘सुस्वागतम’ हमखास असे. बाळासाठी तर आपल्याकडं भरतकाम होतंच: खणाची कुंची, तिला मणी आणि लेस, टोपरं, झबलं, जुन्या लुगड्याचं दुपटं. फक्त या कपड्यांचं दैव असं की मूल वाढलं की ते संपतात. कुंची पुढच्या बाळाला जाते, दुपट्याचं पायपुसणं होतं. मूल जसं वाढेल तसं जे कापड भरत जातं, असं आपल्याकडं काही नव्हतं. माझ्या आजीच्या मते तर असायलाच नको होतं. मुलाला ओलांडलं की वाढ खुंटते आणि मोजलं की नजर लागते, यावर ती ठाम होती.

तरीही माझ्या वडिलांनी आम्हाला मोजलं. आता चरोद्याचं थोडं सांगतो, कारण ही मालिका पाहणाऱ्यांपैकी पुण्या-मुंबईच्या लोकांना चरोदा कुठं आहे ते ठाऊक नसतं. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत रशियाशी 2 फेब्रुवारी 1955 ला झाला आणि पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी 4 फेब्रुवारी 1959 ला केलं. कारखान्यात येणारं खनिज, कोळसा आणि बाहेर जाणारं पोलाद यांच्या मालगाड्या लावायला रेल्वेनं मोठं यार्ड उभारलं. ते भिलाई मार्शलिंग यार्ड म्हणजेच बीएमवाय, आणि त्याच्या भोवतीची वस्ती म्हणजे आमचं चरोदा. तेलुगू, बंगाली, बिहारी, ओडिया आणि आम्ही मराठी असे सगळे एकाच रांगेतल्या क्वार्टरांत. मराठी माणूस छत्तीसगडात नवा नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथं अठराव्या शतकापासून 1854 पर्यंत होता. पण आमच्यासारखे रेल्वेवाले आले ते गोंदियाकडून, नोकरीच्या मागं.

वडील दर दिवाळीला आम्हा तिघा भावंडांना स्वयंपाकघराच्या दारात उभं करून पेन्सिलीनं खूण करायचे. चौकटीला हिरवा ऑइलपेंट. दोन-तीन वर्षांनी आयओडब्ल्यूची माणसं यायची, भिंतींना चुना आणि दारांना पुन्हा तोच हिरवा रंग, आणि आमची सगळी वाढ त्याखाली जायची. पुढं बढती मिळाली तसं क्वार्टर बदललं, आणि उरलेल्या खुणाही तिथंच राहिल्या. आम्हा भावंडांच्या उंचीचा आज कुठलाही पुरावा नाही. सरकारी घरात राहणाऱ्या कुणालाही विचारा: रेल्वे, फौज, पोलीस, बँक, कारखाना. चौकट सरकारची असते. तिच्यावर लिहिलेलं कधीच आपलं नसतं.

माझ्या नोकरीत तर दर दोन-अडीच वर्षांनी ट्रंका भरायच्या. मुलगी 1988 ची. ती दोन वर्षांची झाली तेव्हा आम्ही देवळालीत होतो. सौ.नं नाशिकहून मॅटीचं कापड आणलं आणि पट्टी भरायला घेतली. तिचं म्हणणं सोपं होतं, घर बदलेल, भिंत बदलेल, पट्टी गुंडाळून ट्रंकेत जाईल. तिनं पट्टीच्या मागच्या बाजूला लाल दोऱ्यानं एक वाक्य भरलं: ‘खिळा जमिनीपासून 178 सेंटीमीटर’. पुढच्या वीस वर्षांत आठ घरं झाली. प्रत्येक ठिकाणी सामान उतरलं की माझं पहिलं काम स्टीलच्या टेपनं 178 मोजून खिळा ठोकणं. माझ्या मते फौजेतल्या कुठल्याही स्थायी आदेशापेक्षा हा आदेश नेमका होता.

इथं एका फ्रेंच गृहस्थाची आठवण काढायलाच हवी. फिलिबेर गेनो द मॉन्बेयार हे त्याचं नाव. निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँचा सहकारी, पक्ष्यांवर लिहिणारा. त्याला 1759 मध्ये मुलगा झाला. त्यानं या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजली, 1777 पर्यंत, म्हणजे पूर्ण अठरा वर्षं. ब्युफाँनं ते आकडे आपल्या ग्रंथाच्या पुरवणीत छापले. एकाच मुलाची जन्मापासून तारुण्यापर्यंतची सलग नोंद अशी ही पहिली मानली जाते. 1927 मध्ये स्कॅमन नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं ते जुन्या फ्रेंच मापातले आकडे सेंटीमीटरमध्ये आणून त्यांची रेषा काढली, आणि आजही वाढीवरच्या पाठ्यपुस्तकात पहिल्या प्रकरणात तीच रेषा असते.

त्या एका मुलाच्या नोंदीचं इतकं महत्त्व का? शंभर मुलं एकदाच मोजली तर सरासरी कळते. एक मूल छत्तीस वेळा मोजलं तर वेग कळतो. मॉन्बेयारच्या आकड्यांतून दिसतं की मूल सगळ्यात जोरात वाढतं ते पहिल्या वर्षी, मग वेग उतरत जातो, बरीच वर्षं संथ चालतो, आणि वयात येताना एकदम उसळी घेतो. आकड्यांत सांगायचं तर जन्मतः साधारण 50 सेंटीमीटर, वर्षाला 75, दोन वर्षांना 87 च्या आसपास, चार वर्षांना शंभर म्हणजे जन्माच्या दुप्पट, आणि त्यानंतर वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर. मूल उंच आहे की बुटकं, याचं बरंचसं उत्तर आईबापांच्या उंचीत असतं. ते वाढतंय की थांबलंय, याचं उत्तर फक्त त्याच्याच जुन्या नोंदीत असतं.

आमच्या पट्टीनं हे आम्हाला दाखवलं. मुलगी सहा वर्षांची असताना 112, सात वर्षांना 117.5. आठव्या वाढदिवसाला सौ.नं तिला उभं केलं, पाटी डोक्यावर ठेवली, आणि मला हाक मारली. नवी रेघ 119 वर येत होती. जुन्या आणि नव्या रेघेत बोटभर जागा उरली नव्हती. तारीख भरायची कुठं, असा तिचा पहिला प्रश्न होता. मुलगी आजारी दिसत नव्हती. उलट अंगानं जरा भरली होती, शाळेत शिक्षक शांत आहे म्हणून कौतुक करत होते, शेजारणी म्हणत होत्या छान गुबगुबीत झाली आहे. थंडी जास्त वाजते आणि लवकर झोपते, एवढंच आमच्या लक्षात आलं होतं.

आम्ही तिला लष्करी इस्पितळात नेलं. डॉक्टर तरुण मेजर होते. त्यांनी विचारलं, आधीची काही मापं आहेत का? सौ.नं पिशवीतून पट्टी काढून त्यांच्या टेबलावर पसरली. त्यांनी पट्टीवर स्टीलची फूटपट्टी लावून सगळी अंतरं मोजली, मापं बरोबर आहेत का ते पाहिलं, आणि म्हणाले, रक्त तपासू या. थायरॉइड ग्रंथीचं काम मंदावलेलं निघालं. रोज सकाळी एक गोळी, ती आजही चालू आहे. पुढच्या वाढदिवसाला रेघ 128.5 वर गेली. एका वर्षात साडेनऊ सेंटीमीटर. अडलेलं मूल उपचारानंतर झेप घेऊन आपल्या मूळ वाटेवर येतं, याला वैद्यकात नाव आहे आणि 1963 मध्ये प्रेडर, टॅनर आणि फॉन हार्नाक यांनी त्यावर लिहिलेलं आहे, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसलं की दोन रेघांत पुन्हा भरपूर जागा झाली. तिथं सौ.नं मोराचं पीस भरलं आहे.

म्हणून जे लोक पट्टी करायची म्हणतात त्यांना मी आधी मापाचं सांगतो, मोराचं नंतर. कापड सुती पण घट्ट विणीचं घ्या: मॅटी, केसमेंट, जाड खादी. ताणलं जाणारं होजिअरी कापड कितीही मऊ असलं तरी नको. भरण्याआधी कापड रात्रभर पाण्यात ठेवा, धुवा, वाळवा, इस्त्री करा, आणि हे दोनदा करा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. समजा पाच टक्के आटलं तर 120 सेंटीमीटरच्या लांबीत सहा सेंटीमीटरचा फरक, म्हणजे मुलाची एका वर्षाची वाढ धोब्यानं नेली. पट्टी उभ्या धाग्यात कापा, तिरपी कापली तर ती टांगल्या टांगल्या लोंबते. लाल आणि निळ्या लडी आधी मिठाच्या पाण्यात बुडवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा, रंग सुटतो का ते.

क्रमही महत्त्वाचा. नाव, वेलबुट्टी, हत्ती-घोडे जे काय असेल ते आधी भरून घ्या. टाके ओढले की कापड आकसतं. सगळं भरून झालं, उलट्या बाजूनं टॉवेलवर इस्त्री झाली, की मग शेवटी सेंटीमीटरच्या खुणा घाला, आणि त्या स्टीलच्या टेपवरून. शिंप्याची टेप जुनी झाली की स्वतःच लांब होते. दर दहावर साखळी टाक्याची जाड रेघ, मधल्या पाचवर धावदोरा, आकडे उलट्या टिपेत. पट्टी जमिनीपर्यंत आणायची गरज नाही, 60 पासून 170 पर्यंत पुरे. वरखाली नेफा शिवून त्यात काठी घाला, खालची काठी जरा जड हवी. आणि मापाच्या आधी शंभराची रेघ जमिनीपासून शंभरावरच आहे ना, हे दर वेळी टेपनं पाहा. सौ.नं दुसऱ्या कडेला फूट-इंचाच्याही खुणा घातल्या आहेत. देशात दशमान पद्धतीचा कायदा 1956 चा, आपण भाजी किलोनं आणि दूध लिटरनं घ्यायला कधीच शिकलो, पण माणसाची उंची अजून फुटातच सांगतो. वधूवर सूचक मंडळ बंद पडेपर्यंत यात फरक पडेल असं वाटत नाही.

मोजताना बूट काढा, अंबाडा-वेणी सोडा, टाचा, पार्श्वभाग आणि पाठ भिंतीला, नजर समोर. भरतीतली पोरं टाचा उचलतात, तशी पाच वर्षांचीही उचलतात. एकानं खाली बसून टाचा बघायच्या. डोक्यावर पुस्तक नको, काटकोनी लाकडी ठोकळा हवा. वेळ नेहमी तीच ठेवा, कारण माणूस सकाळी उठतो तेव्हा संध्याकाळपेक्षा थोडा उंच असतो. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवूनच मोजतात, आणि आडवं माप उभ्यापेक्षा सुमारे 0.7 सेंटीमीटरनं जास्त येतं. म्हणून आडव्या मापाची रेघ वेगळ्या रंगात. दर पंधरा दिवसांनी मोजणारे हौशी आईबाप असतात, त्यातून काही कळत नाही, मापातली चूकच वाढीपेक्षा मोठी असते. सहा महिन्यांनी एकदा पुरे. चार वर्षांनंतर आणि वयात येण्याआधी, वर्षभरात चार सेंटीमीटरहून कमी भरले तर मुलांच्या डॉक्टरकडं जा. कापड दाखवायला लाजू नका.

आता घरातून बाहेर येऊ. घरची पट्टी मुलाला त्याच्याशीच ताडते. पण दोन वर्षं पोटाला कमी मिळालेलं मूल स्वतःशी ताडून कळत नाही, कारण त्याची वाट आधीच खाली गेलेली असते. त्यासाठी बाहेरचं प्रमाण लागतं. नायजेरियात इमेसी-इले या गावी डेव्हिड मॉर्ले या इंग्रज डॉक्टरांनी 1950 च्या दशकात मुलांच्या वजनाचं कार्ड तयार केलं आणि ते दवाखान्यात न ठेवता आईच्या हातात दिलं. त्यांच्या सगळ्या कामात मला हे मोठं वाटतं. बगदादच्या शाकिर यांच्याबरोबर त्यांनी दंडाभोवती गुंडाळायची तीन रंगांची पट्टी आणली: एक ते पाच वर्षांत निरोगी मुलाच्या दंडाचा घेर फारसा बदलत नाही, 12.5 सेंटीमीटरखाली आला तर लाल. आपल्याकडं तर हेच काम बांगडीनं केलं. चार सेंटीमीटर व्यासाची बांगडी मुलाच्या हातात घालायची; ती कोपरावरून वर सरकली तर दंडाचा घेर साडेबाराच्या आत आहे. न शिकलेली बाईही ही तपासणी करू शकते.

आपली अंगणवाडी हा शब्दच मराठी आहे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामातून आलेला. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला, इथं छत्तीसगडातही तोच आहे. पण अनेक दशकं अंगणवाडीत मुख्यतः वजनच होत होतं. उंची मोजायची साधनं सगळीकडं पोचायला लागली ती 2018 च्या पोषण अभियानानंतर. माझी तक्रार आहे ती इथं. ज्या देशानं प्रत्येक शिपायाची उंची लिहून ठेवली, त्यानं अंगणवाडीतल्या मुलाची उंची लिहायला चाळीस वर्षं लावली. आणि खुंटलेलं मूल वजनावरून ओळखू येत नाही, आमची मुलगी नव्हती का गुबगुबीत? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची वयाच्या मानानं बुटकी राहिलेली मुलं देशात 35.5 टक्के होती, महाराष्ट्रात 35.2 आणि छत्तीसगडात 34.6. आधीच्या पाहणीत छत्तीसगड 37.6 वर होता आणि महाराष्ट्र 34.4 वर. म्हणजे आमचं राज्य उतरलं आणि तुमचं किंचित चढलं. मराठी माणूस म्हणून मला दोन्ही आकडे टोचतात.

‘आपली मुलं मुळातच बुटकी’ असं कुणी म्हणालं तर त्याला उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 1997 ते 2003 मध्ये सहा देशांत सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली: ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपली दिल्ली. अट अशी की आईचं दूध, चांगला आहार, स्वच्छ घर मिळालेली मुलंच घ्यायची. पहिल्या पाच वर्षांत सगळीकडची मुलं जवळजवळ सारखी वाढली. त्यावरून 2006 मध्ये प्रमाण ठरलं. पाच वर्षांपुढच्या भारतीय मुलांसाठी पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामावर बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे 2015 चे तक्ते आहेत. तुमच्या डॉक्टरांच्या भिंतीवर तेच असतील. घरची पट्टी आणि तो तक्ता, दोन्ही लागतात.

सौ. आता वर्षाला चार-पाच पट्ट्या करते. नातीची पुण्यात आहे, तिची रेघ व्हिडिओ कॉलवर ठरते आणि टाके इथं सुट्टीत पडतात. गेल्या वर्षी आमच्याकडं कामाला येणाऱ्या बाईंनी नातवासाठी मागितली. पोराचा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. हा सण इथंही आहे, पोरा म्हणतात, मातीचे बैल पुजतात. नाव कसं लिहायचं यावर दोघींची बराच वेळ चर्चा झाली, कारण घरात हाक एक आणि दाखल्यावर नाव दुसरं. शेवटी दोन्ही भरली, आणि खाली मातीचा बैल. पहिली रेघ अंगणवाडीताईंनी आडवं मोजून कार्डावर लिहिलेल्या 71 ची असायला हवी होती, पण पट्टी घेतली तोवर तो उभा राहायला लागला होता, म्हणून 71 हा आकडा निळ्या दोऱ्यानं तारखेसह कडेला आहे. त्यांच्या घराची भिंत कच्च्या विटांची, खिळा धरत नव्हता. मी जाऊन लाकडाची पाचर ठोकून त्यात बसवला, जमिनीपासून 178 वर. पुढचं माप पोऱ्याला.